मोजका उजेड

हिवरे बाजारच्या माणसाला नगरला जायला निमित्त शोधावं लागत नाही. कोर्ट, कॉलेज, दवाखाना, बियाणं, लग्नाचा बस्ता, सगळं तिथंच. पण गाणं ऐकायला, तेही चर्चमध्ये, असं निमित्त आमच्याकडे क्वचितच येतं. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात ते आलं. एका जुन्या ख्रिस्ती मित्रानं निरोप धाडला: आमच्या चर्चमध्ये शास्त्रीय गायनाची छोटी बैठक आहे, माईक नाही, विजेचे दिवे नाहीत, मेणबत्त्यांच्या उजेडात ऐकायचं, आणि वेळेवर ये, कारण एकदा दार लावलं की मध्ये उघडणार नाही.

चर्च मिशनच्या काळातलं. जाड दगडी भिंती, उंच छत, निमुळत्या कमानींच्या खिडक्या, गुळगुळीत झालेली लाकडी बाकं. वेदीच्या पुढं बुटकी चौकी मांडून तिच्यावर पांढरी चादर अंथरली होती. तिथंच दोन तंबोरे, तबला आणि पेटी. मेणबत्त्या खिडक्यांच्या कट्ट्यांवर आणि चौकीच्या दोन्ही बाजूंना. त्यांचा उजेड छतापर्यंत पोचत नव्हता. गाणाऱ्या बाईंचा चेहरा आणि हात दिसत, साथीदार अर्धे दिसत, शेजारी बसलेला माणूस नुसता जाणवत होता.

पाळकांनी दोन मिनिटं बोलून एवढंच सांगितलं की आवाज मागच्या बाकापर्यंत पोचवायचं काम आपल्या सगळ्यांचं आहे, त्यासाठी कुणी काही करायचं नाही. मला तेव्हा ते नीटसं कळलं नाही. तंबोरे जुळायला लागले तेव्हा कळलं. बाकावर कुणी सरकलं तरी तंबोऱ्याचा खर्ज क्षणभर झाकला जायचा. मग सरकणं थांबलं. खोकणारे तोंडावर रुमाल धरून बसले. लहान पोरं आयांच्या मांडीवर निवांत झाली. त्या शांततेत तंबोऱ्यांचा आवाज भिंतींपर्यंत जाऊन परत यायला लागला आणि सगळी वास्तू सुरात आल्यासारखी झाली.

बाईंनी शुद्ध कल्याण घेतला. हा राग मी रेडिओवर पुष्कळ ऐकला आहे, पण असा नाही. या रागात चढताना भूपासारखे पाचच स्वर, आणि उतरताना तीव्र मध्यम आणि निषाद मींडेतून नुसते स्पर्श करून जातात. पंचमावरून गंधाराकडे येताना बाई इतक्या सावकाश येत होत्या की सोडलेला पंचम अजून छताखाली असायचा आणि नवा गंधार त्याला येऊन मिळायचा. एका गळ्यातून निघालेले दोन स्वर एकाच वेळी कानात. घरच्या खोलीत हे होत नाही, उघड्या मांडवात तर नाहीच. दगडाचं एवढं मोठं दालन लागतं, आणि ते रागाच्या स्वभावाला धरून वापरायची समजही लागते. बाईंना ती होती. तानांचा मोह त्यांनी टाळला. विलंबितातच बराच वेळ राहिल्या, सुरांमध्ये जागा सोडत राहिल्या.

तबल्याचं मात्र अशा जागी कठीण. द्रुत बोल एकमेकांवर चढतात आणि नुसता गलका उरतो. तबलजींनी पहिल्या पाच मिनिटांत ते ओळखलं. डग्गा हळू केला, साधा ठेका धरला, भरायची ओढ आवरली. मला त्या रात्री त्यांचं कौतुक सगळ्यांत जास्त वाटलं. येत असलेलं न वाजवणं याला मोठी तयारी लागते.

अशा दालनांचा हिशेब पहिल्यांदा नीट कुणी मांडला ते मी पुढं वाचलं. अमेरिकेत हार्वर्डला फॉग म्युझियमचं एक व्याख्यानगृह होतं. तिथं बोललेलं काही कळायचं नाही, कारण शब्द विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागायचे. तोवर पुढचे दहा-पंधरा शब्द येऊन पडायचे. 1895 साली वॉलेस सॅबाईन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते दुरुस्त करायचं काम आलं. त्यानं शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि घड्याळ लावून आवाज किती वेळात मरतो ते मोजलं. गाद्या वाढवल्या की वेळ कमी व्हायचा. माणसांचंही तसंच, अंगावरचे कपडे आणि अंग स्वतः आवाज शोषून घेतं. म्हणजे त्या रात्री चर्चमध्ये आम्ही नुसते ऐकत नव्हतो. आम्ही किती जण आलो, कसे बसलो, अंगावर शाली-स्वेटर किती, यावर बाईंचा गंधार किती लांबणार ते ठरत होतं. रिकाम्या चर्चमध्ये तोच राग वेगळा ऐकू आला असता.

माझ्या डोक्यात तेव्हा आमचं गाव आलं, आणि ते येणं मला सहज वाटलं. हिवरे बाजार अवर्षणाच्या पट्ट्यात आहे. बऱ्याच वर्षी पाऊस चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर. 1989 नंतर, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, गावानं समतल चर खणले, बंधारे घातले, झाडं लावली. बाहेरचे लोक बघायला येतात ते हे बघायला. पण पाणी टिकलं ते गावानं जे जे करायचं सोडलं त्यामुळं. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, गवत कापून आणायचं. झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस लावायचा नाही. पाऊस झाला की मोजायचा, ग्रामसभेत ताळेबंद मांडायचा आणि पाणी जेवढं तेवढंच पीक धरायचं. यातलं एकही ‘नाही’ एकट्यानं पाळून उपयोग नाही. माझ्या शेजाऱ्यानं पाचशे फूट बोअर मारलं तर माझ्या विहिरीचा संयम फुकट जातो. चर्चमधल्या शांततेचंही तेच. साठ-सत्तर माणसांतल्या एकाचा फोन वाजला असता तर बाकीच्यांचं गप्प बसणं वाया गेलं असतं. आजवर मला वाटायचं, मैफल गवयाची. आता वाटतं, ती निम्मी तरी ऐकणाऱ्यांनी सोडून दिलेल्या गोष्टींची.

मध्यंतर झालं नाही. राग संपल्यावर बाईंनी मंडळीकडं बघून मान हलवली आणि पेटीवर एक ओळखीची सुरावट निघाली. पुढच्या बाकावरच्या एका आजींनी पुस्तक न उघडता सुरुवात केली आणि सगळी मंडळी उठून त्यांच्यामागं गायला लागली. नारायण वामन टिळकांचा अभंग होता. शब्द मला येत नव्हते. चाल मात्र मी आईच्या ओवीपासून, देवळातल्या हरिपाठापासून ऐकत आलो आहे. माझा पाय आपोआप ठेक्यावर गेला. शेजारच्या मित्रानं पुस्तक माझ्यापुढं धरलं, पण मला अक्षरं दिसेनात. उजेड कमी होता आणि डोळे भरले होते.

नगरला हे नवं नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं इथं 1831 साली आली. सिंथिया फॅरार बाईंनी इथं मुलींच्या शाळा चालवल्या. 1848 साली पुण्यात शाळा काढायच्या आधी जोतीराव फुल्यांनी त्यांचं काम इथं येऊन पाहिलं होतं. ‘ज्ञानोदय’ 1842 साली इथूनच निघालं. गाण्याच्या बाबतीत मात्र मिशनऱ्यांची सुरुवात परक्या चालींनी झाली. गोऱ्या मुलखातल्या चालींवर मराठी शब्द बसवले जायचे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तन चर्चमध्ये आणलं, आणि टिळकांनी अभंग आणला. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, 1919 साली गेले. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते मोकळेपणानं सांगत. त्यांनी घर बदललं, पण घरातली भाषा सोबत नेली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त त्या स्थलांतराची किंमत पानोपानी दिसते.

पेटीचा प्रवासही असाच उलटसुलट. पॅरिसला 1840च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेलं हे वाद्य मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडं आलं, चर्चमधून बाहेर पडून देवळात, तमाशात, नाटकात शिरलं, आणि इतकं आपलं झालं की 1940 ते 1971 आकाशवाणीनं ‘परकं’ म्हणून त्याला दाराबाहेर ठेवलं तेव्हा कितीजणांना वाईट वाटलं. त्या रात्री ते आपल्या जुन्या घरी बसून मराठी अभंगाची साथ करत होतं.

तरीही एक गोष्ट मला त्या चालीबरोबर टोचत राहिली, आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. नगरच्या खेड्यांतून मिशनकडं गेलेले पुष्कळ लोक गावकुसाबाहेरचे होते. त्यांच्या आज्या-पणज्यांनी हीच चाल ऐकली होती, पण देवळाच्या बाहेर उभं राहून, पायरीच्या खाली. चोखोबांनाही पंढरपुरात आत जाता आलं नाही. विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना उपोषण करावं लागलं ते 1947 साली, सहाशे वर्षांनी. पुढच्या बाकावरच्या आजी बाकाच्या पाठीवर हात ठेवून, डोळे मिटून, पूर्ण आवाजात गात होत्या. आमच्या देवळाच्या गाभाऱ्यापासून त्यांचे पूर्वज जेवढे लांब उभे होते तेवढ्या अंतरावर त्या रात्री कुणीच नव्हतं. लहानशा जागेतल्या मैफलीबद्दल आपण ‘जवळीक’ म्हणून कौतुकानं बोलतो. जवळ कुणाला बसू दिलं, हा प्रश्न त्यात आधीचा आहे.

आमच्या गावात मुसलमानांचं एकच घर आहे, आणि त्यांच्यासाठी गावानं मशीद बांधली. मला त्या मशिदीचा अभिमान आहे. एका घरासाठी बांधलेली जागा म्हणजे मोजक्यांसाठी केलेली गोष्ट कुणाला बाहेर न ठेवता कशी करावी, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यांत चांगलं उदाहरण.

परतताना मित्राच्या मोटारसायकलवर थंडीत कुडकुडत मी सप्ताहाचा विचार करत होतो. तरुणपणी मी वीणेचे पहारे केले आहेत. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाटे दोन ते चारचा पहारा कुणाला नको असायचा, मी मागून घ्यायचो. मंडपात कुणी नसायचं. एक समई, एक वीणा, आपलाच हलका आवाज, आणि दोन-चार म्हातारी माणसं भिंतीला टेकून अर्धवट झोपेत टाळ धरलेली. त्यांनी टाळ चुकवला असं कधी झालं नाही. मैफल म्हणायचं कुणाला सुचलं नाही, पण मी आयुष्यात ऐकलेली सर्वांत जवळची मैफल तीच. आता पहाऱ्याच्या वेळीसुद्धा कर्णा चालू असतो. रात्रीच्या कीर्तनाला आवाज एवढा की पुढच्या रांगेतल्या पोरांनी कानावर हात ठेवलेले मी पाहिले आहेत. मृदंगाची थाप छातीत आदळते, मृदंग ऐकू येत नाही. हे मला मनापासून खटकतं. ज्या भागात नेवाशाला, एका खांबाला टेकून, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या भागात आवाज मोठा केल्याशिवाय भक्ती पोचत नाही असं आम्ही का धरून चाललो आहोत?

भजनी मंडळापुढं मी विषय काढला: सप्ताहातली एक रात्र बिनमाईकची करू. दिवे समईचे. वाद होईल असं वाटलं होतं, आणि झाला. तरुण म्हणाले, लोक येणार नाहीत. मृदंगाचार्य म्हणाले, येतील त्यांनाच घेऊन वाजवू, माझ्या बोटांना तरी आराम पडेल. सगळ्यांत म्हातारे आमचे तात्या बराच वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “आमच्या वेळी पट्टी चढी असायची ती त्यासाठीच. काळी चारच्या खाली आवाज मंडपाच्या टोकाला जायचा नाही. तुम्ही आता काळी एकात गाता. तेव्हा पट्टी चढवा, नाहीतर मांडव लहान घाला.”

पट्टी चढवणं आता कुणाच्या गळ्याला झेपणार नव्हतं. मांडव लहान घालायचं ठरत आलं. तेवढ्यात मागून एक बाई बोलल्या. हरिपाठाला त्या रोज येतात, पण बैठकीत सहसा बोलत नाहीत. “मांडव लहान केला तर बाहेर कोण राहणार, दादा? आम्हीच ना?”

कुणी काही बोलेना. तात्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “बरोबर बोलतीय पोरगी,” ते म्हणाले. “मग एका रात्रीत भागायचं नाही. सातही रात्री बिनमाईकच्या करा आणि वस्तीवार पाळ्या लावा. पहिली पाळी मागच्या वस्तीची.”