मधले रिकामे आसन

विमानातील ‘बिझनेस क्लास’ या शब्दांभोवती आपल्याकडे एक वलय आहे. रुंद आसन, पाय पसरण्यास ऐसपैस जागा आणि रात्रीच्या प्रवासात त्याच आसनाची होणारी शय्या, असे त्याचे चित्र आपण मनाशी रंगवितो. युरोपातील एका शहरातून दुसऱ्या शहरात तास-दोन तासांत पोहोचविणाऱ्या विमानांत हे चित्र बहुधा आढळत नाही. तेथे उच्च श्रेणी म्हणून काय विकले जाते, हे पाहण्याचा योग आम्हा दोघा माजी विद्यार्थ्यांना आला.

आम्ही दोघे या विद्यालयाच्या एकाच तुकडीचे. आज एकाच कंपनीत नोकरीस आहोत. कामानिमित्त मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे लंडनला जाणे झाले. कंपनीने काढलेले तिकीट बिझनेस क्लासचे होते. त्यामुळे फ्रँकफर्ट ते लंडन हा सुमारे दीड तासाचा टप्पाही त्याच श्रेणीत आला.

विमान एअरबस ए-३२० जातीचे होते. मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांस तीन-तीन आसने. पुढची आणि मागची आसने एकाच मापाची. पुढे जेवण काचेच्या-चिनी मातीच्या भांड्यांतून येते, उतरताना आधी उतरता येते. परंतु मुख्य भेद असा, की तिघांच्या रांगेत दोघेच बसतात. मधले आसन रिकामे ठेवले जाते. या श्रेणीच्या मागे एक पडदा असतो, आणि तोही एका जागी स्थिर नसतो. एकच विमान दिवसातून अनेक फेऱ्या करते. कधी व्यवसायासाठी फिरणारे अधिक, कधी सुटीवर निघालेली कुटुंबे अधिक. दर फेरीला आसने बदलणे शक्य नाही, पडदा सरकविणे सोपे. म्हणून सकाळी जी रांग उच्च श्रेणीत असते, ती सायंकाळी सामान्य श्रेणीत मोडू शकते.

याचा अर्थ असा, की त्या जादा पैशांत प्रवासी प्रामुख्याने एकच वस्तू विकत घेतो : शेजारी कोणी नसणे.

हे ध्यानात आले आणि आम्ही दोघेही काही क्षण गप्प झालो. आमच्यापैकी एकाचे आजोबा सोलापूरच्या एका कापडगिरणीत कामास होते. जेवणाच्या सुटीत ते भाकरी सोडून बसत, तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहत असे. त्या रिकाम्या जागेसाठी त्यांनी काही मोजले नव्हते. ती इतरांनी त्यांच्याभोवती ठेवली होती.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात १९०१ मधील प्रवास सांगितला आहे. वडिलांकडे निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली. त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक गाडी ठरली. तीही या अटीवर, की मुलांनी स्वतः बैल हाकावेत आणि गाडीवानाने पायी चालावे. आम्ही बसलो होतो त्या विमानात जादा भाडे दिले की रिकामी जागा सन्मान म्हणून मिळते. मसूरला दुप्पट भाडे देऊनही गाडीवानाची रिकामी राहिलेली जागा अपमान म्हणूनच वाट्याला आली. अंतर दोन्हीकडे सारखेच. ते कोणी ठरविले, यावरून त्याचा अर्थ ठरतो.

तरीही आमच्या मनात अधिक काळ राहिले ते दुसरेच. त्या मधल्या आसनावर आम्ही वर्तमानपत्र ठेवले, कोपरे सैल केले, आणि दीड तासात ती जागा आम्हाला आपलीच वाटू लागली. पडद्यामागे कोण आहे, हे पाहण्यासाठी मान वळविण्याचेही कारण उरले नाही. मनुष्यास अंतराची गोडी किती लवकर लागते! शिक्षणाने आपल्यापैकी अनेकांना वस्तीतून वसाहतीत नेले. आपल्याही मागे असे पडदे सहज पडतात. गावाकडचा दूरध्वनी उद्या घेऊ असे वाटणे, मावशीच्या घरच्या कार्यास केवळ पाकीट पाठविणे, हा त्या पडद्याचाच प्रकार होय.

या विद्यालयाच्या वसतिगृहात खाटेला खाट लागून होती. भोजनगृहातील पंगतीत उशिरा आलेल्यासाठी सर्वांनी थोडे थोडे सरकावे, हा अलिखित नियम होता. गुडघ्यास गुडघा लागे. पण ‘जागा नाही’ असे कोणी म्हटल्याचे आम्हास आठवत नाही.

जून २०२५ पासून सोलापूरच्या विमानतळावरून गोव्यास प्रवासी विमान जाऊ लागले आहे. आज या प्रांगणात शिकणारी मुले उद्या विमानाने जातील, आणि पुढच्या रांगांत बसतील. त्यांनी तेथे अवश्य बसावे, नि:संकोच बसावे. त्या जागेवर त्यांचा पूर्ण हक्क आहे. पालकांनीही तसेच स्वप्न पाहावे. आमची विनंती एवढीच, की विमानातून उतरल्यावर ते मधले आसन तेथेच सोडून यावे. घरी, वस्तीत, विहारात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कोणी उशिरा आले, तर थोडे सरकावे.