दारातला दिवा

घरातले बाकीचे दिवे आपण आपल्यासाठी लावतो. ओट्यावरचा चिरण्या-निवडण्यासाठी, पलंगाशेजारचा वाचण्यासाठी. दारातला दिवा मात्र येणाऱ्याचा असतो. म्हणून तो निवडताना आधी दाराबाहेर जाऊन, दार लावून घेऊन, संध्याकाळी तिथं थोडा वेळ उभं राहावं असं मी आता आग्रहानं सांगते. कुलूप दिसतं का, घराचा नंबर वाचता येतो का, पायरीची कड कळते का, हे तिथंच समजतं. दुकानात एकाच वेळी शंभर दिवे पेटलेले असतात. त्या झगमगाटात एका दिव्याचा उजेड कसा पडेल, हे भल्या जाणकारालाही सांगता येणार नाही.

मला हे पहिल्यांदा दिसलं ते आजोळी, संगमेश्वराकडच्या एका वाडीत. तिथं ओटीवर कंदील असे. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यातला ‘प्रभाकर’. तिन्हीसांजेच्या आधी आजी त्याची काच उतरवी, चुलीतली राख लावून मऊ फडक्यानं पुसून काढी आणि वातीचा जळका काठ कात्रीनं सरळ कापी. वात तिरकी कापली गेली तर ज्योतीला एका बाजूनं शिंग फुटतं आणि त्या बाजूची काच घटकाभरात काजळते. ती कापायचं काम आजीनं आम्हां मुलांना कधी दिलं नाही. काच पुसायला मात्र आमचेच हात लागत, कारण मोठ्या माणसाची मूठ त्या काचेत जात नसे.

त्या कंदिलाची जागा मला आजही महत्त्वाची वाटते. ओटीच्या मधोमध, वर तुळईला तो टांगणं सोपं होतं. पण त्याची खुंटी होती पायऱ्यांच्या बाजूच्या खांबावर, साधारण माणसाच्या खांद्याएवढी उंच. त्यामुळे उजेड पायऱ्यांवर पडे आणि अंगणातून येणाऱ्याच्या तोंडावरही पडे. पावसाळ्यात पायरीच्या दगडाशी फुरसं वेटोळं घालून बसलेलं असू शकतं, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. अंधारातून ‘आहे का कोण घरात?’ अशी हाक आली, की आजी कंदील खुंटीवरून काढून हातात धरी आणि आधी चेहरा बघे. मग विचारपूस, मग पाण्याचा तांब्या. देशावरच्या जुन्या वाड्यांत दाराच्या दोन्ही अंगांना देवळ्या दिसतात, हाताला सहज लागतील अशा उंचीवर. त्यांत पणत्या ठेवल्या की उजेड दोन्ही बाजूंनी येतो आणि येणाऱ्याच्या चेहऱ्याची एकही बाजू काळोखात राहत नाही. बांधणाऱ्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसणार. कोण आलं आहे ते नीट दिसायला हवं, एवढी गरज त्यांना ठाऊक होती.

आमचं स्वतःचं घर गिरगावातल्या चाळीत होतं. तिथं जिन्याच्या तोंडाशी तारेच्या जाळीत कोंडलेला एक पिवळा बल्ब सगळ्या मजल्याचा. बाकी गॅलरी ज्याच्या त्याच्या दारातून सांडलेल्या उजेडावर चाले, म्हणून दारं उघडी असेपर्यंत तिथं वर्दळ आणि लागली की अंधार. आमच्या दाराशी बाबांनी झिरोचा बल्ब लावला होता. नाव झिरो असलं तरी तो दहा-पंधरा वॅट खाई. पण जुन्या चकतीच्या मीटरवर एवढा बारीक भार नीट नोंदला जात नसे, त्यामुळे तो रात्रभर जळू द्यायला घरात कुणाची ना नव्हती. गिरणीची रात्रपाळी करून येणारे शेजारी त्या उजेडात आपल्या दाराचं कुलूप काढत.

पुढे डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये पॅसेजला चार फुटी ट्यूबलाइट आली. चोकची गुणगुण, स्टार्टरची टिकटिक, आणि एकदा पेटली की भिंती, चपला, माणसं सगळं सारख्याच पांढऱ्या रंगाचं. त्या दिव्याबद्दल मला फारसं काही आठवत नाही. तो प्रेमानं निवडलेलाच नव्हता. बिल्डरनं पट्टी ठोकून दिली होती.

आता पुण्यात राहते त्या घरातला पॅसेज लांब आणि चार फुटांहूनही अरुंद आहे. एका टोकाला मुख्य दार, दुसऱ्या टोकाला न्हाणीघर, मध्ये दोन खोल्यांची दारं, खिडकी नाही. आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा या पॅसेजचा पहिल्यांदा गांभीर्यानं विचार केला. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि आतलं भिंग पिवळसर, गढूळ होतं. विशीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा साठीतल्या माणसाला मिळतो. म्हणजे आईला आमच्याहून जास्त उजेड हवा. पण त्याच डोळ्यांना उघडा, टोचणारा दिवा अजिबात सोसत नाही. गढुळलेल्या भिंगात प्रकाश विखुरतो आणि समोरचं दिसायचं ते उलट पुसलं जातं. जास्त उजेड, पण दिव्याचा डोळा दिसायला नको. या दोन अटींवर बाजारातला बराचसा माल बाद होतो.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आम्ही हे दिवे शोधले. दुकानदारांनी उत्साहानं जाळीचे दिवे दाखवले, भिंतभर नक्षी पाडणारे. ‘ताई, पॅसेजला सध्या हेच चालतंय.’ ते दिसायला सुरेखच होते. पण एका नातेवाइकांकडे असल्याच दिव्याखाली, जमिनीवर पडलेल्या सावल्यांच्या पट्ट्यांपाशी आई थबकली होती आणि पायरी समजून तिनं पाय उचलून टाकला होता. सावलीची नक्षी वयस्कर माणसाच्या वाटेवर नको, हे माझं मत तेव्हाच पक्कं झालं. झुंबराला उंची नव्हती. खाली निदान सात फूट मोकळे सुटले नाहीत, तर उंच माणसाला ते लागणारच. आणि छतातल्या बारीक स्पॉटची रांग चालता चालता माणसाला एकदा उजेडात, एकदा अंधारात टाकते. शिवाय बरोबर डोक्यावरून पडणारा उजेड डोळ्यांच्या खोबणीत काळोख करतो. त्याखाली सगळीच माणसं आजारी दिसतात.

आम्ही शेवटी दुधी काचेचे, भिंतीला लागून बसणारे दिवे घेतले, जे वर-खाली भिंतच उजळतात. अरुंद जागेत जमिनीपेक्षा भिंती उजळलेल्या बऱ्या, जागा रुंद वाटते आणि चालणाऱ्याला कडा कळतात. रंग तीन हजार केल्व्हिनचा. मेणबत्तीचा उजेड साधारण एकोणीसशेचा, जुन्या पिवळ्या बल्बचा सत्ताविसशेचा, आणि खोक्यावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेला साडेसहा हजारांचा. घरी परतलेल्या माणसाच्या अंगावर तो शेवटचा पांढरा झोत टाकावा असं मला कधीच वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र सहज सुचत नाही. पॅसेजला सगळ्यात जास्त उजेड लागतो तो दुपारी. रणरणत्या उन्हातून आत आलं की डोळ्यांना काही दिसत नाही, आणि पुरती सवय व्हायला कित्येक मिनिटं जातात. महामार्गावरच्या बोगद्यांत तोंडाशी दिवसा मुद्दाम प्रखर दिवे ठेवतात ते याचसाठी. रात्री नेमकं उलट: झोपेतून उठलेल्या माणसाला सगळे दिवे लावले तर तो दिपून जातो आणि परत झोप येत नाही. म्हणून आम्ही दोन वेगळी बटणं केली. एकावर दाराजवळचे मोठे दिवे. दुसऱ्यावर जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवलेले पिवळसर बारीक दिवे, न्हाणीघरापर्यंत. त्या दुसऱ्याचा टू-वे स्विच आईच्या पलंगाशी आणि पॅसेजच्या टोकाशी. हालचाल ओळखून पेटणारा सेन्सर मी नाकारला. आई सावकाश चालते, मध्येच भिंतीला टेकून उभी राहते, आणि नेमका त्याच वेळी दिवा जाणं परवडणारं नाही. वायरमनला या दोन बटणांसाठी नव्यानं पाइप टाकून भिंत भरावी लागली. खर्च दिव्यांपेक्षा त्या कामाचाच जास्त झाला. तो वाया गेला असं एका क्षणालाही वाटलं नाही.

राहिला दाराबाहेरचा दिवा. बिल्डरनं छताला लावलेला होता तो येणाऱ्याच्या पाठीमागे. मॅजिक आयमधून बघितलं तर उजळलेली पाठची भिंत आणि पुढे चेहरा नसलेली आकृती. किल्लीही आपल्याच हाताच्या सावलीत शोधावी लागे. तो काढून आम्ही दाराशेजारच्या भिंतीवर, कडीच्या बाजूला, साडेपाच फुटांवर दुधी काचेचा दिवा बसवला. आता कुलूप, नावाची पाटी आणि समोर उभं असलेल्याचं तोंड तिन्ही दिसतं. रात्री पार्सलं घेऊन येणारी मुलं मजल्यामजल्यावर मोबाइलच्या टॉर्चनं नंबर वाचत फिरतात. त्यांतलं कुणी आमच्या दाराशी आलं, तर त्याला आमचा नंबर दिसावा आणि आम्हाला त्याचा चेहरा, एवढं आम्ही त्या दिव्याकडून मागितलं.

सोसायटीत काहींना हा दिवा चालू ठेवणं उधळपट्टी वाटते. पूर्वी वाटलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण सरकारी घाऊक खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला, आणि वीज तर तो साध्या बल्बच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यानंच घेतो. आमचा दिवा पाच वॅटचा आहे आणि आमच्याच मीटरवर आहे. दिवेलागणीपासून शेवटचं माणूस घरी येईपर्यंत, धरा पाच तास, तो जळतो. चाळीस दिवसांत एक युनिट होतं. शेजारच्या दाराशीही तसाच एक लावून द्यायचं वायरमनशी बोलून ठेवलं आहे. त्या काकू एकट्या असतात, आणि त्यांची मुलगी रात्रीच्या गाडीनं येते.