बहिणीची इंटर्नशिप

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे भालकीला घरी जमलो होतो. धाकटी बहीण कलबुर्गीत एमबीबीएसची इंटर्नशिप करत होती. आईनं कौतुकानं विचारलं, "काय गं डॉक्टरीणबाई, किती पेशंट बरे केलेस?"

"कुठले पेशंट, आई! लॅबला सॅम्पल पोचवते आणि फॉर्म भरते."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. बीईच्या शेवटच्या वर्षी मीही एका कंपनीत महिनाभर नुसता खुर्चीत बसून सर्टिफिकेट घेऊन आलो होतो. पण माझ्या चुकीनं फार तर प्रोग्रॅम बंद पडला असता. हिच्यासमोर माणूस असणार.

२०२१च्या नियमांनुसार ही इंटर्नशिप १२ महिन्यांची. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग असे विभाग फिरायचे, त्यातले १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे. कागदावर छान आहे. पण वॉर्डात गर्दी, शिकवायला कुणाला सवड नाही आणि डोक्यावर पीजीच्या नीटची टांगती तलवार. तिच्या काही मैत्रिणी सही करून थेट लायब्ररी गाठायच्या. "दादा, त्यांचं चुकतं असं तरी कसं म्हणू?" ती म्हणायची.

मग आळंद तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात तिची पोस्टिंग लागली. तिथल्या मॅडमना मराठी येत नव्हतं. एक आजी आल्या. बीपीची गोळी चालू आहे, तरी बीपी वाढलेलंच. बहिणीनं मराठीत चौकशी केली, तेव्हा आजी म्हणाल्या, "डोकं दुखलं की घेते की गं, रोज कशाला?"

मॅडमनी पुढचं सगळं तिलाच करायला लावलं. पुन्हा बीपी मोजणं, तपासणं, गोळी रोज का घ्यायची ते समजावणं. स्वतः शेजारी उभ्या राहिल्या आणि चुकलं तिथं थांबवलं.

त्या रात्री तिचा फोन आला. "दादा, आज पहिल्यांदा डॉक्टर झाल्यासारखं वाटलं."

काम तर वॉर्डातही भरपूर होतं. शेजारी उभं राहणारं माणूस नव्हतं.

फोन ठेवला आणि मीच ओशाळलो. माझ्या टीममध्येही दोन इंटर्न आहेत. महिनाभर त्यांना मी एक्सेल भरायला बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो.