बांच्या साड्यांची गोधडी

बा गेल्या त्याला वर्ष होत आले, तेव्हा त्यांचे कपाट रिकामे करण्याचा विषय घरात निघाला. कपाटात साड्या तेवीस. बांनी ऐन तारुण्यात एका चातुर्मासात व्याख्यान ऐकून रेशीम सोडले ते कायमचे. कोशातल्या जीवाला उकळून काढलेला धागा अंगावर नको, एवढेच त्या म्हणत, वाद घालीत नसत. त्यामुळे लग्नाचे घरचोळे सोडले तर कपाटात मोलाचे असे काही नव्हते. दोन साड्या लेकींनी आठवण म्हणून नेल्या. उरलेल्या एकवीस साड्यांकडे पाहून थोरला मुलगा म्हणाला, "हा वजनावर जाणारा माल." हिंदमाताच्या कापडबाजारात ज्याची हयात गेली, त्याचा हिशेब सरळ होता. थानातून उरते ते फेंट, फेंटातून उरते ती चिंधी, आणि नेसलेल्या साडीला तर खातेवहीत सदरच नाही. भांडेवालीने दहा साड्यांना एक स्टीलचा डबा सांगितला. भाभींनी डबा परत केला आणि साड्या पुन्हा गाठोड्यात बांधल्या.

फॉल-पिको करून देणाऱ्या बाई नायगावात शिवणवर्ग घेतात, हे त्यांना ठाऊक होते. दुकानातून वर्षानुवर्षे साड्या त्या बाईंकडे जात, फॉल लागून परत येत. मधला निरोप्या दुकानातला पोऱ्या. दोघींची समोरासमोर भेट कधी झालेली नव्हती.

वर्ग भरतो दुपारी, स्वयंपाक आवरल्यावर आणि मुले शाळेतून येण्याच्या आत. चार यंत्रे विजेची, एक जुने पायमशीन. बाई सत्तरीच्या उंबरठ्यावर आलेल्या, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. त्यांनी गाठोडे सोडले, प्रत्येक साडीचा पदर चिमटीत चोळून पाहिला, शंका आली तिथे कडेचा एक धागा काढून काडीच्या ज्योतीला धरला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत राख उरते. पॉलिएस्टरचा धागा वितळून कडक मणी होतो. मणी झालेल्या साड्या एका बाजूला, राख झालेल्या दुसऱ्या बाजूला. शेवटी सुती साड्या निघाल्या आठ. तेरा बाद.

"भाभी, ह्या तेरा गोधडीला चालायच्या नाहीत. घाम शोषत नाहीत, घडी सरकते, टाका धरत नाहीत. ह्यांच्या पिशव्या करू."

भाभी गप्प राहिल्या. ह्या तेरा साड्या बांच्या अखेरच्या वर्षांतल्या. धुवायला हलक्या, इस्त्री नको, म्हणून त्यांनीच आणलेल्या.

जुन्या कपड्यांचे नवे काही करण्याचे वर्ग आता शहरभर निघाले आहेत, आणि त्यांची खरी अडचण इथेच आहे. दान म्हणून येणाऱ्या गाठोड्यांत मिश्र धाग्यांचे कपडेच फार. देणाऱ्याचे कपाट मोकळे होते आणि घेणाऱ्याची खोली भरते. पूर्वीच्या गिरणगावात हा प्रश्न नव्हता, कारण कापडच सुती होते आणि कपाटे नव्हती.

नायगावच्या एका अंगाला स्प्रिंग मिल, दुसऱ्या अंगाला कोहिनूर. मध्ये १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी. नायगावात त्यांच्या बेचाळीस इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्या. त्या खोलीत गोधडी पसरून शिवायला जागा कुठली? ती बोळात पसरत. एकीच्या गोधडीवर चौघी बसत, येणारा-जाणारा भिंतीकडेने पाय टाकीत जाई. आत नेसून मऊ झालेल्या नऊवारी साड्यांचे थर, वर धडसे राहिलेले कापड. आधी मोठे कच्चे टाके घालून थर एकमेकांना पकडायचे, मग कडेपासून धावदोरा घेत चारही बाजूंनी आत आत सरकायचे. मध्यावरून सुरुवात केली तर काठाशी कापड फुगते. हे कोणी वहीत लिहून घेतले नाही. देशावर हिलाच वाकळ म्हणतात. उत्तर कन्नडच्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात, तीही कडेकडून आत येत जाते. तिच्या चारही कोपऱ्यांना रंगीत घड्यांची फुले लावल्याशिवाय त्या तिला पूर्ण मानीत नाहीत.

शिवण शिकवून बाईच्या हाती चार पैसे यावेत, हा विचारही जुना. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले. पुढल्याच वर्षी रमाबाई रानडे यांनी पुण्यात ते काम उभे केले, आणि शिवण-भरतकाम हा तिथल्या शिक्षणाचा भाग होता. १९५३च्या कायद्यानंतर कामगार, मालक आणि सरकार या तिघांच्या वर्गणीतून कामगार कल्याण केंद्रे चालू लागली. गिरणगावात केंद्र म्हटले की खाली शिशुमंदिर आणि वर शिवणवर्ग, अशी जोडीच डोळ्यांपुढे येई. बाई अशाच एका केंद्रात शिकल्या, लग्नाआधी, केवळ हौस म्हणून.

हौसेचे पोट कसे झाले हे त्या दोन वाक्यांत सांगतात. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत यांचे यजमानही होते. पगार थांबला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. शेजारणींनी खानावळी वाढवल्या, बाईंनी हिंदमाताकडून फॉल लावायचे काम आणले. दर साडीवर. रात्री दोन-दोनपर्यंत साडीच्या काठाला आतून टाके, बाहेर दिसता कामा नयेत असे. दर वाढवून मागितला की उत्तर ठरलेले: करणाऱ्या पुष्कळ आहेत. कोणत्या दुकानाचे उत्तर, हे त्यांनी सांगितले नाही आणि भाभींनी विचारले नाही.

मग गोधडीच्या दराची गोष्ट निघाली. बाईंनी सांगितलेला आकडा ऐकून भाभी सवयीने म्हणाल्या, "बाई, एवढ्यात तर दुकानात दोन ब्लँकेटं येतात."

"येतात की," बाई म्हणाल्या. "पण हा दर नगाचा नाही, दिवसांचा आहे. दोघींचे नऊ दिवस. आमच्या वर्गात दर नगावर लावत नाही."

व्यापारी घरातल्या बाईला हिशेब समजावून सांगावा लागत नाही. नऊ गुणिले दोन, भागिले रोज. जे आले ते एका दिवसाच्या धुणीभांड्याच्या मजुरीहून किंचित वर होते, एवढेच. भाभींनी घासाघीस केली नाही. मात्र एक अट घातली: एका बाईच्या जागी त्या स्वतः बसतील, आणि त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत. बाई हसल्या. म्हणाल्या, "तुमचे टाके उसवून पुन्हा घालावे लागतील, त्याचे ते समजू."

पहिले तीन दिवस खरोखरच उसवण्यात गेले. भाभींचा टाका लांब पडे, ओळ वाकडी जाई, बोट टोचे. चौथ्या दिवशी ओळ सरळ झाली. वर लावायला बांची निळ्या बुट्ट्यांची साडी निवडली होती. तिच्या काठाला आतल्या बाजूने जुना फॉल होता. तो काढायला बाईंनी कात्री घातली आणि थांबल्या. फॉल बारीक हातटाक्यांनी लावलेला होता, दर चौथ्या बोटावर एक दुहेरी टाका. त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिले.

"असा दुहेरी टाका मीच घालत असे," त्या म्हणाल्या. "सुटू नये म्हणून. त्याचे जास्त पैसे मिळत नसत."

फॉल काढायचा राहिला. गोधडीच्या एका कडेला ती पट्टी तशीच शिवून टाकली. तेरा साड्यांच्या पिशव्या झाल्या. थोरल्या मुलाने त्यांतल्या चाळीस दुकानासाठी मागितल्या, आणि भाभींनी त्याला दर सांगितला, दिवसांचा.

बाईंची चाळ आता पाडायच्या यादीत आहे. म्हाडाच्या पुनर्विकासात पाचशे चौरस फुटांचे घर मिळायचे आहे, तोवर कुटुंब भाड्याच्या घरात. नव्या इमारतीचा नकाशा त्यांनी भाभींना दाखवला, उद्वाहनासमोरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले आणि विचारले, "इथे एक गोधडी पसरेल का हो?" भाभींनी टेप काढून नकाशावरचे माप वाचायला घेतले.