मशिनचं काम

"हे चित्रकलेत घेता येणार नाही. लेझर मशिनचं काम आहे. हस्तकलेत मांडा." एका प्रदर्शनात परीक्षकांनी मला असं सांगितलं, त्याला बराच काळ लोटला, पण राग अजून उतरत नाही. मशिनचं असेल तर हस्तकलेत कसं? आणि हाताचं असेल तर चित्रकलेत का नाही? तिथंच पेन लावून दाखवतो म्हणालो. कुणाला वेळ नव्हता.

मी बीडला लाकडावर माणसांचे चेहरे करतो. पेनाच्या तापलेल्या निक्रोमच्या टोकानं रेघा जाळायच्या, कुठे पटाशीनं थोडं कोरायचं, मग ॲक्रिलिकचा पातळ हात. चेहऱ्याला रंग जवळजवळ देतच नाही. जुन्या सागाचा स्वतःचा रंगच आपल्याकडच्या कातडीचा असतो. रंग पदराला, कुंकवाला, फेट्याला.

ते चित्र वडवणीकडच्या एका बाईचं होतं. आयुष्यभर दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारी. मुलगा आधार कार्ड घेऊन आला. "एवढाच फोटो हाय, दादा." सोबत घराच्या जुन्या कवाडाची फळी. त्याच कवाडातून ती रोज ये-जा करायची म्हणाला. फळी वर्षानुवर्षं वाळलेली, आता फाकण्याची भीती नाही. पण मधोमध गाठ, आणि गाठीवर पेन सरकत नाही. चेहरा कसाही बसवला तरी ती गालावरच येई. शेवटी चेहरा डावीकडे सरकवला आणि गाठ पदराच्या घडीत घेतली. हनुवटीवरचं गोंदण मात्र रंगानं काढवेना. सुईनं टोचलेली खूण ती. पेनाचं टोक उभं धरून एकेक ठिपका जाळला.

आता हे मशिनचं कसं नव्हे, ते परीक्षकांना भिंगाशिवाय दिसलं असतं. लेझर चेहरा असो की दुकानाची पाटी, एकसारख्या आडव्या रेघांनी भरत जातो. हाताची रेघ गालाबरोबर वळते; टोक टेकलं तिथं काळसर, उचललं तिथं फिकी. सागात वर्षवलयाचा मऊ पट्टा पटकन जळतो, कडक पट्टा थांबवून धरतो. म्हणून कपाळावर माझी एकच सुरकुती तीन ठिकाणी बदलली आहे. नुसती बोटं फिरवली असती तरी कळलं असतं.

आणि लाकूड म्हणजे हस्तकला, हे कुणी ठरवलं? मोनालिसा पॉप्लरच्या फळीवर आहे. इजिप्तमध्ये फायूमला इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकात माणसाचा चेहरा फळीवर रंगवून त्याच्या ममीवर बसवत. आज ती चित्रं जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. आपल्याकडे सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी गंजिफाचे पत्ते आणि लाकडावरचं रंगकाम पुन्हा उभं केलं, तरी ते बघायला लोक शोभेच्या वस्तूंच्या रांगेतच जातात.

एक मात्र खरं. हस्तकलेच्या दालनात लोक थांबले. चित्रांच्या दालनात हात मागे बांधून फिरणारी माणसं इथं वाकून बघत होती. एका म्हातारीनं गोंदणावर बोट ठेवलं आणि ते कुणी टोचलं होतं, असं विचारलं. चित्रकलेत हे झालं नसतं. तरी मला जागा तीच हवी होती.

चित्र करून घेणाऱ्यांना एवढंच सांगतो: स्टुडिओत गोरा केलेला फोटो देऊ नका. खिडकीच्या उजेडातला, एका बाजूनं सावली पडलेला द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर डोळ्यांतलं सगळं पुसून जातं. आधार कार्डावर तर सावलीच नसते. त्या बाईंचे डोळे मी मुलाच्या डोळ्यांवरून काढले.

चित्र न्यायला तो आला, बराच वेळ बघत राहिला. कोणत्या विभागात होतं, काय म्हणाले, काही विचारलं नाही. म्हणाला, "कुंकू बारीक झालं, दादा. आई रुपयाएवढं लावायची." कपाळावरचं वार्निश बारीक पॉलिश पेपरनं घासलं आणि तो म्हणेल तेवढं मोठं केलं.