वाव

१९८७ च्या जूनमध्ये मी मोखाड्याच्या एका पाड्यावरून जव्हारच्या वसतिगृहात आलो, पाचवीला. वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत एक माणूस रोज संध्याकाळी ओट्यावर बसून लांबलचक दोरीला चामड्याच्या पट्ट्या आणि रंगीत चिंध्या बांधत असायचा. दोरीच्या टोकाला वजन. आमच्याकडे चामडं, लाल चिंधी आणि दोरी एका जागी दिसली की भगत आला असं समजायचं. त्यामुळे पहिले दोन महिने आम्ही पोरं ती गल्ली टाळून, बाजारातून वळसा घालून शाळेत जायचो.

ते भगत नव्हते, नौदलातून निवृत्त होऊन आले होते. सगळं गाव त्यांना नेव्हीवाले काका म्हणायचं. डोंगरातल्या गावात नेव्हीवाला कसा, असं कोणी नवख्याने विचारलं की काका सांगत, समुद्राचे नकाशे करणारी नौदलाची कचेरी १९५४ पासून डेहराडूनला आहे, तिथे कुठे समुद्र आहे? गावातल्या जुन्या माणसांना तेवढंही नवल नव्हतं. जव्हारचे महाराज यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेले होते. राजा आभाळात गेला तर रयतेतला एक जण पाण्यात गेला, त्यात काय एवढं.

एकदा पावसाने मला त्यांच्या ओट्यावर ढकललं. त्यांनी आधी माझी वही मागितली, मग नाव विचारलं.

"अक्षर बरं आहे. आकडे नीट काढतोस. रविवारी काय करतोस?"

रविवारी मी काहीच करत नसे. तेव्हापासून माझे रविवार त्यांचे झाले.

त्या दोरीला ते 'लीड' म्हणायचे. खरं तर टोकाला शिशाचा जड दांडका हवा. काकांनी जव्हारच्या बाजारातलं तराजूचं दोन किलोचं जुनं वजन बांधलं होतं. दोरीवर मापं वावांची. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव, म्हणजे सहा फूट. आमचे लोक विहिरीची दोरी वावांनीच मोजतात, कोळीही समुद्राचं पाणी वावांनीच सांगतात, आणि साहेबाच्या आरमाराचं मापही नेमकं तेच, याची मला फार गंमत वाटली होती. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन. पाचवर पांढरं सुती फडकं, सातवर लाल लोकरी, दहावर भोक पाडलेलं चामडं, तेरावर निळं. कापडं वेगवेगळ्या पोताची, कारण अंधारात रंग दिसत नाही. बोटाला कळतं, आणि थंडीने बोटं बधिर झाली तर ओठांना कळतं. काका डोळे मिटून दोरी ओठांवरून फिरवत आणि "सात" म्हणत. आम्ही पाहिलं तर लाल.

पण एक, चार, सहा, आठ, नऊ या वावांवर खूणच नव्हती. मी विचारलं, राहिली का?

"राहिली नाही, ठेवली नाही. खूण पाण्याच्या कडेला आली तर 'खुणेचे पाच' असं ओरडायचं. खूण नसली, नजरेने ठरवलं, तर 'अंदाजाचे चार' असं ओरडायचं. वर पुलावर उभ्या असलेल्या कप्तानाला कळलं पाहिजे, खलाशाने मोजलंय की ताडलंय. अंदाज करायला बंदी नाही रे. अंदाज लपवायला बंदी आहे."

मी पुढे बी.एड. केलं, मूल्यमापनावरची जाड पुस्तकं वाचली. त्यात हे इतक्या कमी शब्दांत कुठे सापडलं नाही.

काका पोरवयात विशाखापट्टणमला भरती झाले आणि त्यांच्या नोकरीतली सगळ्यात मोठी वर्षं 'जमुना' नावाच्या जहाजावर गेली. ते जहाज जन्माने तोफनौका. स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनला डेनी कंपनीच्या गोदीत १६ नोव्हेंबर १९४० ला पाण्यात उतरलेलं, पुढच्या वर्षी हिंदी नौदलात दाखल. चार इंच तोंडाच्या सहा तोफा, दोन-दोनच्या जोड्यांत. तिच्या बहिणींची नावंही नद्यांचीच : सतलज, नर्मदा, गोदावरी, कृष्णा, कावेरी. १९४२ मध्ये जावाच्या बाजूला जपानी विमानांच्या सावलीत ती काफिल्यांची राखण करत होती. १९४३ च्या जुलैत सिसिलीच्या स्वारीत ती आणि सतलज होत्या. १९४५ च्या जानेवारीत ती आणि नर्मदा अराकानच्या किनाऱ्यावरच्या चिखलाच्या खाड्यांत शिरल्या आणि कांगावच्या लढाईत आतून तोफा डागल्या. खाडीत एवढं जहाज घालायचं म्हणजे पुढे कोणीतरी पाणी मोजत बसलेलं असणारच, हे काकांचं मत. त्या खलाशाचं नाव कुठल्याच पुस्तकात नसतं, हेही तेच सांगत. १९४७ च्या शरदात जुनागढच्या प्रकरणात काठेवाडच्या किनाऱ्यावर फौज उतरवण्याच्या कामात ती होती. काका चढले ते यानंतर. त्यांनी तिची एकही लढाई पाहिली नाही; पण त्या लढाया ते घरातल्या थोरल्यांच्या लग्नाच्या गोष्टी सांगाव्यात तशा सांगत.

काकांच्या वाट्याला आली ती दुसरी जमुना. १९५० च्या दशकात तिचं लढाऊपण संपलं आणि तिला मोजणीचं जहाज केलं. करड्या अंगाला पांढरा रंग, धुराड्याला पिवळा. आमच्याकडे सैन्यातून सुटलेला माणूस बँकेत वॉचमन होतो. जमुना मोजणीदार झाली आणि लढली त्यापेक्षा जास्त वर्षं तिने हे काम केलं. १९८० मध्ये ती मोडीत निघेपर्यंत चाळीशीला आली होती. जहाजाच्या मानाने हे म्हातारपणच. मला तिची दुसरी नोकरी पहिलीपेक्षा मोठी वाटते. काकांना हे म्हटलं की ते गप्प बसत. त्यांना तोफांचा मान कमी झालेला आवडत नसे.

मोजणीचं काम रटाळ. लहान बोट किनाऱ्यापासून सरळ रेघेत समुद्राकडे जाते, वळते, थोडं अंतर सोडून समांतर परत येते. शेतात नांगर फिरतो तशी. खोली यंत्र मोजतं, आवाज तळाशी पाठवून. पण उथळ पाण्यात, खडकावर, शंका आली तिथे पुन्हा दोरीच. बोट नेमकी कुठे आहे हे कळायला तेव्हा दोन जण सेक्स्टंट आडवा धरून किनाऱ्यावरच्या तीन खुणांमधले दोन कोन घेत. देवळाचा कळस, डोंगराचं टोक, दीपस्तंभ. डहाणूच्या बाजूला आमचा महालक्ष्मीचा सुळका ही तशी खूण, हे सांगताना काकांचा आवाज बदलायचा. आणि हे सगळं लिहून घेणारा तिसरा. तो तिसरा म्हणजे काका. वेळ, कोन, कोन, खोली. पुन्हा वेळ, कोन, कोन, खोली. अशी कित्येक वर्षं.

"लिहिणाऱ्याकडे रबर नसतं," ही त्यांची मला पहिली ताकीद. चुकलं तर आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला बरोबरचा लिहायचा. माझ्या कंपासपेटीतलं रबर त्यांनी काढून घेतलं ते कधीच परत दिलं नाही. शाळेत गणिताच्या वह्या त्यामुळे गबाळ्या दिसायच्या आणि मी छड्या खाल्ल्या. ते मला अजून थोडं खटकतं.

रविवारी आम्ही काय मोजायचो? विहिरी. एसटीने मोखाड्याच्या बाजूला उतरून पाड्यापाड्यावरच्या. आमच्या तालुक्यात पाऊस एवढा की पागोळ्या तीन महिने थांबत नाहीत, आणि फेब्रुवारी सरला की बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. वैतरणा आमच्याच अंगाखांद्यावरून वाहते. तिचं पाणी मुंबईला जातं. मोडकसागर १९५७ चं, अप्पर वैतरणा १९७३ चं, आणि मध्य वैतरणा कोचाळ्याला, २०१४ चं. पहिलं धरण भरलं त्याच सुमारास काकांच्या जमुनेने मोजणीचा रंग अंगाला लावला होता. मी एकदा विचारलं, एवढ्या नद्यांची नावं जहाजांना दिली, आपल्या वैतरणेचं का नाही?

"वैतरणीवर बसून कोण कामावर जाईल रे?" ते म्हणाले, आणि एसटीतली माणसं वळून बघेपर्यंत हसले.

वजनाला खालून एक खळगी असते. आरमारात तीत चरबी भरत, म्हणजे तळाची वाळू, शिंपले, चिखल, जे असेल ते चिकटून वर येतं आणि नांगर धरेल की नाही ते कळतं. काका लाइफबॉयचा तुकडा मळून भरत. विहिरीतून चिखल आला की म्हणत, गाळ काढला तर पाणी वाढेल. मुरूम आला की म्हणत, खोदा. काळा कातळ लागला आणि साबण कोरा वर आला की काहीच म्हणत नसत. एका पाड्यावर बायकांनी त्यांच्या सांगण्यावरून दोन वाव गाळ उपसला आणि ती विहीर त्या वर्षी एप्रिल ओलांडून गेली. दुसऱ्या एका पाड्यावर त्यांचा अंदाज साफ चुकला. वहीत दोन्ही आहे. मी लिहिलं होतं, "अंदाज : खोदल्यास पाणी." त्यांनी पुढच्या वर्षी त्यावर रेघ मारायला लावली आणि बाजूला "नाही".

दहावीच्या परीक्षेची फी त्यांनी भरली. बारावीचीही. मी आजवर घरी, शाळेत, सगळीकडे हेच ऋण म्हणून सांगत आलो, कारण पैशाचं ऋण लोकांना लगेच समजतं.

१९९१ मध्ये त्यांनी मला वसतिगृहातून बोलावून घेतलं. हातात वर्तमानपत्र. कोलकात्याच्या गोदीत बांधलेलं मोजणीचं नवं जहाज नौदलात दाखल झालं होतं, नाव 'जमुना'च. मला वाटलं ते आनंदात असतील. ते म्हणाले, "नाव तेच ठेवलंय. आता हिला आधीचे आकडे तपासावे लागतील." म्हणजे स्वतःचे. पेढे मात्र काकींनी दिले.

वनहक्काचा कायदा २००६ चा, नियम आले २००८ च्या जानेवारीत. माझा बा ज्या तुकड्यावर नाचणी, वरई करत होता तो आमच्या भाषेत 'प्लॉट'. आधीच्या पिढीला तो एकसाली मिळालेला, नंतर अतिक्रमण ठरलेला, आणि दरवर्षीच्या दंडाच्या पावत्या आयने तांदळाच्या कणगीत जपून ठेवलेल्या. दंडाची पावती हीच आता हक्काचा पुरावा झाली, असा हा कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा, जास्तीत जास्त चार हेक्टर, आणि दावा आधी ग्रामसभेपुढे, तिच्या वनहक्क समितीकडे. आमच्या पाड्यावर बावीस दावे होते आणि मोजायला येतो म्हटलेलं कोणी येत नव्हतं.

काका तेव्हा सत्तरीपार. गुडघे गेलेले. दोरी घेऊन आले. चढावर दोन पोरांनी त्यांना खाटेवर बसवून नेलं आणि सागाच्या सावलीला ठेवलं. तिथून ते ओरडत होते. कोनाचं यंत्र नाही, म्हणून प्रत्येक प्लॉट त्रिकोणांत तोडला. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू कळल्या की क्षेत्रफळ निघतं, कोन लागत नाही. उतारावर दोरी जमिनीला टेकू द्यायची नाही, आडवी ताणायची, पायरीपायरीने उतरायचं. नाहीतर उतार तुमची जमीन फुगवतो आणि पुढे कोणीतरी ती कापतो. ओढा आडवा आला, दोरी पोचेना, तिथे मी डोळ्यांनी बघून आकडा टाकणार होतो. खाटेवरून आवाज आला, "अंदाजाचे लिही!"

आमच्या बाचा प्लॉट निघाला पावणेतीन एकर. एका कचेरीतून जो कागद आला त्यावर होता एक एकर. बावीसपैकी सतरा कागदांवर एकच एकर. कुठे पाव नाही, अर्धा नाही, गुंठा नाही. बा म्हणाला, मिळालं ते घ्यावं. मी वही घेऊन अपिलात गेलो. समोरच्या साहेबांनी पानं उलटली आणि ओढ्याच्या जागेवर बोट ठेवलं. "हे अंदाजाचे म्हणजे काय?" मी सांगितलं. मग त्यांनी रेघ मारलेला एक आकडा दाखवला. तेही सांगितलं, चुकलं होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, बाकीच्या वह्या इतक्या स्वच्छ असतात की विश्वास बसत नाही.

फेरमोजणी लागली. त्यात दीड वर्ष गेलं. बाला दोन एकर अकरा गुंठे मिळाले. ओढ्यापलीकडचा भाग गेला. काकांना सांगायला गेलो तर त्यांनी आधी विचारलं, "त्यांचं माप आणि आपलं, ओढ्याच्या अलीकडे किती फरक?" मी म्हटलं, दोन गुंठे. "कोण चुकलं?" मला सांगता आलं नाही. त्यांना ते आवडलं नाही, आणि चहा होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मी काकींकडे पाकीट घेऊन गेलो. परीक्षांची फी, एसटीची भाडी, रविवारचे वडे, असा हिशेब घरी बसून केला होता. त्यांनी पाकीट उघडलंही नाही. म्हणाल्या, "पैसे राहू दे. शेजाऱ्याने कुंपण आत घेतलंय असं वाटतं मला. बघतोस का?"

पुढच्या रविवारी मुलीला घेऊन गेलो. खुंटीवरची दोरी काढली. निळं कापड उंदराने नेलेलं, लाल शाबूत. मुलगी पलीकडच्या टोकाला उभी राहिली, मी अलीकडे. खुणेचे सात, आणि पुढे थोडं. काकी खिडकीतून बघत होत्या. मी वही काढली आणि खिसे चाचपले. पेन्सिल घरी राहिली होती. काकींनी आतून एक आणून गजांतून पुढे केली, चाकूने टोक काढलेली.

"पुढे थोडं म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.