एका वाकळेतला बग

आमच्या टीममध्ये शुक्रवारी रिलीज करायचं नाही, असा अलिखित नियम आहे. केलं की शनिवारी हमखास फोन येतो. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सात वाजता फोन आला आणि माझ्या पोटात गोळा आला. पण तो क्लायंटचा नव्हता, आईचा होता.

"येतोस काय रं? वाकळंत चूक झालीया."

(शहरी मंडळींसाठी खुलासा : वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या गगनबावड्यात वाकळच म्हणतात.)

तर झालं असं. आजी जाऊन वर्ष होऊन गेलं. ताईला दिवस गेले, तेव्हा आईने आजीच्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली. बाळ-बाळंतिणीला ऊब हवी, तीही पणजीची. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे करायचे, जोडून थर रचायचे, खाली-वर धडकं कापड घ्यायचं, लांब कच्चे टाके घालून सगळं टाचायचं आणि मग कडेपासून धावदोरा घालत आत आत मध्यापर्यंत यायचं. आईचे दोन-अडीच महिने यात गेले. शेवटचा टाका मधोमध पडला आणि वाकळ झाली.

आता ट्रंकेतलं हिरवं इरकल आत्तीला पोचवायचं, म्हणून आईने ते बोचकं सोडलं. आत भलतंच हिरवं लुगडं! साधं, रोजच्या नेसणीतलं. मग तिने वाकळेचा एक कोपरा ट्यूबलाइटसमोर धरला. वरचं कापड विरलेलं होतं, तिथून तांबडा काठ दिसला. इरकल आत होतं. चार तुकडे होऊन.

आजी गेल्यावर आत्तीने या घरातलं एवढं एकच मागितलं होतं.

आता रूट कॉज ऍनालिसिस. आजीची ट्रंक मी आवरली होती. दोन हिरवी लुगडी मीच एकसारख्या दोन जुन्या पंचांत गुंडाळली होती आणि वर चिठ्ठी लावायचा कंटाळा केला होता. आईने मार्चमध्ये फोनवर विचारलं, "इरकल कुठल्यात हाय?" मी एका मीटिंगमध्ये म्यूटवर होतो. "खालच्यात," म्हणून मोकळा झालो. खालच्यात नव्हतं. ऑफिसात व्हेरिएबलला नीट नाव दिलं नाही म्हणून ज्युनियरला झापणारा हाच तो मनुष्य!

त्याच रात्री एसटीने निघालो. पोचल्या पोचल्या मी इंजिनियरसारखं बोलायला लागलो. उसवू या, इरकल काढू, दुसरं लुगडं घालू, परत शिवू. सरळ रोलबॅक.

आई म्हणाली, "बस हितं," आणि एका जागी दोन टाके उसवून दाखवले. शंभरदा धुतलेलं सुती कापड. दोरा निघाला, पण सुईची भोकं मिटली नाहीत. शिवाय टाका सगळ्या थरांतून गेलेला, त्यामुळे मधला एक थर काढायचा तर अख्खी वाकळ उसवायला हवी. आणि एवढं करून हातात काय येणार? भोकांची जाळी झालेले चार तुकडे. रोलबॅकने कोड परत येतो, डिलीट झालेला डेटा येत नाही.

दुसरी अडचण मृगाची. आमच्याकडे एकदा पाऊस लागला की गगनगड चार महिने धुक्यातून बाहेर येत नाही आणि धुतलेली वाकळ वाळत नाही. जे काय करायचं ते सात जूनच्या आत.

मी मोबाइलवर शोधायला लागलो. अमेरिकेतल्या आमिश बायका गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण परिपूर्ण फक्त देव, असं वाचलं. जरा बरं वाटलं. पुढे वाचलं तर अभ्यासकांनी ती दंतकथा ठरवलेली. आईला सांगितलं तर म्हणाली, "मुद्दाम कशाला कराय पायजे? आपोआप हुतीया की."

मग मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते. म्हणालो, "आत्तीला हे दुसरं हिरवं देऊ या. तिला एका डोळ्याने नीट दिसत नाही. कोणाला कळतंय?"

आई ओरडली नाही. वाकळेची घडी घातली आणि एवढंच म्हणाली, "तुला कळतंय न्हवं?"

सोमवारी रजा टाकली. आम्ही दोघं वाकळ घेऊन साळवणला आत्तीकडे गेलो. वाटेत एसटीत आईने बजावलं, "मी बोलणार न्हाई. तू बोल."

बोललो. ट्रंक, पंचे, म्यूट, सगळं. आत्तीने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग वाकळ मांडीवर ओढली आणि डोळे मिटून बोटं फिरवायला लागली. एका कोपऱ्यात थांबली. काठ तिथे जाड लागतो, हाताला कळतो.

"हे नेसूनच आईनं मला सासरला लावून दिलं हुतं," ती म्हणाली.

कितीतरी वेळ कोणी बोललं नाही. आई म्हणाली, "वन्सं, उसवू काय?"

"न्हाई. तुकडं घिऊन मी काय करू?" मग माझ्याकडे न बघता, "ऱ्हाऊ दे हितंच."

आईने लगेच मान हलवली. अडीच महिन्यांचं काम तिथे ठेवून आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. चहा झाला होता, पण नेहमीसारखं "जेवून जावा" झालं नाही.

ताईच्या बाळाला सध्या दुकानातलं ब्लँकेट आहे. दुसऱ्या हिरव्या लुगड्याची वाकळ आई दिवाळीनंतर टाचायला घेणार. मी उरलेल्या सगळ्या बोचक्यांना चिठ्ठ्या शिवल्या. हो, चिकटवल्या नाहीत, शिवल्या. टाके वाकडे आलेत :)

पूर्वी आत्तीचा दर रविवारी मला फोन यायचा. त्यानंतर अजून आलेला नाही. आई म्हणते, येईल. आमच्याकडचा पावसाळा मोठा असतो आणि आत्ती ती वाकळ अंगावर घेते, एवढं कळलंय.